मुरड ठेवणारा

दोन हजार तेवीस साल. मला बहात्तरावं लागलं होतं आणि गुडघे सोडले तर अंगात खोट म्हणून नव्हती. दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले असतील. आमच्या मंडळाचे गुरुजी सकाळीच घरी आले, आणि आले ते हसतच आले. माणूस हसत दारात आला की तो आपल्याला मान द्यायला आला, असं मला जन्मभर वाटत आलंय. किती वेळा खोटं निघालं तरी वाटायचं थांबत नाही.

मंडळ कसलं ते आधी सांगतो. आमची माणसं मूळची इथली नव्हेत. माझा आजा कोलारच्या सोन्याच्या खाणीत कामाला होता. तिथून तो आणि त्याच्या सोबतची दहा-बारा घरं निजामाच्या राज्यात या बाजूला आली, विहिरी पाडायला. इथली माणसं माती काढायची, मुरूम काढायची, पण खाली काळा पाषाण लागला की हात टेकायची. आमच्या लोकांना पहारीनं खडकाला भोक पाडून, त्यात दारू ठासून, बार उडवायची विद्या येत होती. ती त्यांना खाणीतल्या गोऱ्या मुकादमांनी शिकवलेली. त्या गोऱ्यांना आजा कप्तान म्हणायचा. पलटणीतले कप्तान नव्हेत, खाणीतले. इंग्लंडच्या पार टोकाला कॉर्नवॉल म्हणून मुलूख आहे, तिथले ते. त्यांच्याकडच्या खाणी बसल्या म्हणून पोटासाठी जगभर पांगले. ते कोलारला आले, आम्ही कोलारहून बेंबळीला आलो. पोट दोघांचं सारखंच.

दोन पिढ्यांत आम्ही इथले झालो. घरातली भाषा गेली, लग्नं इथल्यांतच झाली, देव इथले झाले. काही घरं बेंबळीत, काही तेरला, दोन धाराशिवात. गुरुजी आमच्यातलेच, शाळेतनं रिटायर झाल्यावर त्यांना वाटलं की हे सगळं विसरलं जाईल. म्हणून त्यांनी कोलारहून आलेल्यांच्या वंशजांचं मंडळ काढलं. वर्षातनं एकदा जमायचं, जेवायचं, म्हाताऱ्यांनी बोलायचं आणि गुरुजींनी ते जाड वहीत उतरवून घ्यायचं. जुन्या पहारी, घण, एक फुटका कंदील असं त्यांनी आपल्या पुढच्या खोलीत मांडून ठेवलंय. त्यातली मोठी पहार माझी. खाली चिठ्ठीवर माझं नाव आहे, ते मी येता-जाता बघतो.

त्या वहीत सगळ्यांत जास्त पानं मुरडीवर होती, आणि ती माझ्या चुलतभावानं सांगितलेली होती. इथूनच माझं जळायला सुरुवात झालेली.

करंजीला कडेनं पीळ घालतात ती मुरड सगळ्यांना माहीत आहे. आमच्यात तिखटाचा कानवला करतात. गव्हाचं पीठ घट्ट मळायचं, आत बटाटा, कांदा, हिरवी मिरची, शेंगदाण्याचा कूट. तळायचा नाही. तव्यावर ठेवून वर झाकण, झाकणावर निखारे. आणि मुरड बोटाएवढी जाड. कारण विहिरीत काम करणाऱ्याचे हात दारूचे असतात. सुरुंगाच्या दारूचे. ते हात अन्नाला लागू द्यायचे नाहीत. म्हणून मुरडीला धरून कानवला खायचा आणि उरलेली मुरड खायची नाही, ती विहिरीच्या तळाला कपारीत ठेवायची. खाली खडकात ठोकणारे असतात, डोळ्याला न दिसणारे, दरड सुटायच्या आधी ते ठोकून सांगतात, त्यांचा तो वाटा. ही रीत आजीनं कोलारहून आणली, आणि कोलारला ती कप्तानांच्या बायकांकडून आली.

तर गुरुजी बसले, पाणी प्याले आणि म्हणाले, "मुकादम, आपल्याकडं पाहुणी येणार. कॉर्नवॉलची बाई. त्यांचं बी असंच वंशजांचं मंडळ हाय. तिचा पणजा कोलारला कप्तान होता. आपल्या मुरडीचं मी पत्रानं कळवलं, तर ती म्हणते, आमच्याकडं पाककृती हाय, झेंडा हाय, गाणी हायत, पण मुरड ठेवायला खाण उरली न्हाय. सगळी भोकं बुजवली. तुमच्याकडं ठेवताना मला बघायचंय."

"मग बघू द्या की," मी म्हणालो आणि जरा ताठ बसलो.

"तुमच्याकडं दोन कामं. वहिनींनी कानवले करायचे. त्यांच्यासारखी मुरड कुणाला जमत न्हाय."

"आणि दुसरं?"

"तुम्ही पुढच्या खुर्चीवर बसायचं. मंडळातलं सगळ्यांत मोठं माणूस तुम्ही."

"आणि ठेवणार कोण?"

गुरुजींनी चहाचा कप उगाच फिरवला. "आपले धाकटे. त्यांनाच ते सगळं माहीत हाय ना."

धाकटे म्हणजे माझा चुलतभाऊ. माझ्या धाकट्या चुलत्याचा मुलगा, माझ्याहून तीन वर्षांनी लहान. मी थोरल्या पातीचा, तो धाकट्या. मी मुकादम, तो माझ्या हाताखालचा. तीस वर्षं मी आमची टोळी चालवली. तेरपासून सोनारीपर्यंत कुठं आमच्या हातची विहीर नाही ते सांगा. आणि आता कप्तानाची पणती येणार तर मी खुर्चीवर, आणि तो तिच्यासमोर पायऱ्या उतरणार!

मी गुरुजींना म्हणालो, "मुकादम असताना गड्यानं ठेवायची, हे कुठल्या दस्तुरात बसतं?"

गुरुजी म्हणाले, "तुम्ही कधी ठेवली का, मुकादम?"

मी माझा कप पुढं सारला. आतनं बायको आली आणि मला चहा पुन्हा ओतत म्हणाली, "मुरड मी घालते. ठेवतात ते भाऊजी. आणि हे काय करतात, इचारा की. हे खातात."

गुरुजी हसले. मी हसलो नाही.

आता ते खाण्याचं सांगायलाच पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी पंचवीस वर्षांचा असताना बाप खाटेला लागला आणि टोळी माझ्याकडं आली. मुकादम म्हणून माझी पहिली विहीर तेरच्या बाजूला, एका मोठ्या शेतकऱ्याच्या रानात. दुपारची सुट्टी झाली. आम्ही खाली बसून कानवले खाल्ले. वर काठावर तो शेतकरी आणि त्याचे पाहुणे पाय सोडून बसलेले. आमच्यातला एक जण मुरड कपारीत ठेवायला लागला तर वरून एक पाहुणा ओरडला, "का रं, खाली उंदरं पाळलीत का?" सगळे हसले. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. मी उभा राहिलो, माझी मुरड सगळ्यांना दिसेल अशी वर धरली आणि कडाकडा खाल्ली. म्हटलं, "हितं खाली बी मीच आणि वर बी मीच. दुसरं कुणी न्हाय."

त्याच दिवशी चार वाजता झरा फुटला. गोड पाणी. झालं, मला वाटलं आपण बरोबर. त्या दिवसापासून मी एकही मुरड ठेवली नाही. कानवला संपला की मुरड दातांखाली. दारूचे हात असले तरी. सवयच पडली. घरी खाताना, सणाला खाताना, तसंच.

चुलतभाऊ मात्र ठेवायचा. सगळे वर निघाले की तो शेवटी थांबायचा आणि कपारीत मुरड सारायचा. मी वरून विचारायचो, "झाली का जेवणं तुझ्या पाव्हण्यांची?" तो म्हणायचा, "व्हय दादा. तुमच्या नावानं बी वाढलंय." आणि गडी हसायचे. माझ्याबरोबर हसायचे असं मला वाटायचं.

हे सगळं मला पचलं असतं. त्यानं ठेवली, तो सांगणार, ठीक. पण मंडळाच्या दर सभेत गुरुजी उभे राहून म्हणायचे की आपल्या टोळीनं तीस वर्षं विहिरी पाडल्या आणि एकही माणूस खाली दगावला नाही, आणि त्याचं कारण ही श्रद्धा. मग सगळे चुलतभावाकडं बघायचे. तो मान खाली घालायचा. ती मान खाली घालणं मला सगळ्यांत जास्त झोंबायचं. माणूस दगावला नाही तो मुरडीनं? अरे, वात मी कापायचो, माझ्या हातानं, वीत मोजून. सहा भोकं भरली तर सहा बार वाजले पाहिजेत. मी काठावर उभा राहून मोठ्यानं मोजायचो. एक, दोन, तीन. पाच वाजले आणि सहावा वाजला नाही, तर त्या दिवशी कुणाला खाली उतरू द्यायचो नाही. शेतकरी शिव्या द्यायचे, दिवस वाया गेला म्हणायचे. देऊ दे शिव्या. एकदा सोनारीला सहावा बार दुसऱ्या दिवशी सकाळी वाजला, आम्ही चहा पीत असताना. सगळ्यांचे कप तसेच हातात राहिले. ते कुणी वहीत लिहिलं? नाही. वहीत मुरड.

पाहुणी यायच्या आठवडाभर आधी चुलतभाऊ घरी आला. अंगावर नवा सदरा. माझ्या मनात आलं, कार्यक्रमाचा सदरा आत्ताच अंगवळणी पाडतोय. त्याचे दात अजून सगळे शाबूत आहेत. माझे खालचे चारच. देवानंही कुणाकुणाला किती द्यावं!

"दादा, तुम्ही बी माझ्यासंगं खाली उतरा," तो म्हणाला. "दोघं मिळून ठेवू."

"माझे गुडघे दुखतात."

"म्या धरतो की."

"तू मला धरणार?" मी म्हणालो. "तुला पहार धरायला म्या शिकवलं. पयल्या दिवशी थरथरत होतास. घण बसायच्या आधीच डोळं मिटायचास."

"व्हय. अजून मिटतो." तो हसला आणि आत वळून ओरडला, "वहिनी, दादा आज लई खुशीत दिसतात!"

बायको आतून म्हणाली, "आठ दिवस झालं असंच चाललंय, भाऊजी. कुकराची शिट्टी सुद्धा यांना तुमच्यासाठी वाजल्यासारखी वाटती."

तो गेल्यावर मी बायकोला सांगितलं की कानवले करायचे नाहीत. ती म्हणाली, "बरं." आणि दुसऱ्या दिवशी गिरणीतून दहा किलो गहू दळून आणले. आमच्या घरात माझा शब्द असा चालतो.

कार्यक्रमाचा दिवस रविवार होता. जागा म्हणजे आज्यानं या भागात पाडलेली पहिली विहीर, बेंबळीच्या बाहेर, पायऱ्यांची. मंडळानं आतलं गवत काढून, गाळ उपसून ती साफ केलेली. त्या साली पाऊस कमी, त्यामुळं पाणी खाली गेलेलं आणि तळाशी खडकातली कपार उघडी पडलेली. काठावर मांडव, खुर्च्या, माईक. मी पुढच्या खुर्चीवर बसलो. फेटा बांधला होता, बायको नको म्हणत असताना. चुलतभाऊ नुसता टोपीवर. साधेपणा दाखवायची पण एक तऱ्हा असते.

पाहुणी माझ्याच वयाची निघाली. पांढरे केस पुरुषासारखे आखूड कापलेले, पायात जाड बूट, उन्हानं लाल झालेलं तोंड. गुरुजींची सून इंग्रजी शिकलेली, ती शेजारी उभी राहून इकडचं तिकडं सांगत होती. बाईंनी खिशातून एक फोटो काढला. खाणीच्या तोंडाशी टोप्या घातलेले गोरे, आणि त्यांच्या मागं काळे, उघडे, नाव नसलेले. त्यातला एक तिचा पणजा. मागच्यांतला एखादा माझा आजा असेल का, असं गुरुजींनी विचारलं. मी बराच वेळ बघितलं. कुणीही असू शकतो. मी तसं सांगितलं, खोटं बोललो नाही. चुलतभाऊ म्हणाला, "हा डावीकडचा दादासारखा दिसतो. असाच रागात हाय." सगळे हसले. बाईंना सुनेनं सांगितलं, त्या माझ्याकडं बघून अजून हसल्या.

मग गुरुजी माईकवर बोलले. तीस वर्षं, एकही माणूस दगावला नाही, श्रद्धा. सगळं आलं. बार मोजायचं आलं नाही. मी फेट्याचा शेमला पुढं घेतला आणि मागं टाकला.

कानवले वाटले. आणि तेव्हा मी एक गोष्ट पाहिली. मंडळातल्या तरुण पोरींनी, सुनांनी, जावयांनी, सगळ्यांनी कानवले कसेही खाल्ले, मधून तोडून, चटणी लावून, मुरडीसकट. त्या बाईंनी मात्र कुणी न सांगता मुरडीला धरला, टोकाकडून खात आल्या आणि शेवटी मुरड हातात ठेवून इकडंतिकडं बघायला लागल्या. अशी बघायला लागल्या की जणू काही त्यांच्याच घरचा कोनाडा शोधताहेत. माझी आजी तशीच धरायची.

बाई काहीतरी म्हणाल्या. सून म्हणाली, "त्या इचारतात, खाली काम करताना तुमचा मुख्य कोण होता?"

गुरुजींनी माझ्याकडं बोट केलं. करावंच लागलं.

बाई उठून माझ्यासमोर आल्या. सून म्हणाली, "आजोबा, त्यांच्या घरात सांगायचे की कप्तानाच्या हातची मुरड आधी जायची. म्हणून त्यांची मुरड तुम्ही ठेवावी, असं त्यांचं म्हणणं हाय."

अख्खा मांडव बघत होता. बाईंनी माझ्या तळहातावर मुरड ठेवली. एवढे दिवस जे माझ्या छातीवर बसलं होतं ते उठून गेलं. मी उभा राहिलो. चुलतभाऊ पहिल्या पायरीवर आपली मुरड घेऊन थांबलेला होता, आणि मी सरळ त्याच्या तोंडाकडं बघितलं. मला त्याचं तोंड पडलेलं बघायचं होतं. निदान जरासं. आज्याच्या विहिरीवर, कप्तानाच्या पणतीसमोर, थोरल्या पातीच्या हातात मुरड. बघ म्हणावं. मी त्याला बघत राहिलो, बघत राहिलो, आणि माझ्या दातांत कडकन वाजलं.

मी ती मुरड तोंडात घातली होती.

पन्नास वर्षांचा हात. त्याला कुणी थांबवायचं? चावली गेली, अर्धी गिळलीही गेली. माईक चालू होता, त्यात तो कडकन आवाज गेला असणार, कारण मागच्या खुर्च्यांवरचेही उठून बघायला लागले. बायकांच्यातनं माझ्या बायकोचा आवाज आला, "अगं बाई गं." पाहुण्या बाईंचं तोंड उघडं ते उघडंच. सुनेनं पदर तोंडाला लावला. जमीन दुभंगून मला घ्यावं असं मला कधी वाटलं नव्हतं, आणि विहीर तर समोरच होती.

तेवढ्यात चुलतभाऊ मोठ्यानं बोलला. "व्हय, व्हय! आमच्यात मुकादम आधी चाखतो. खालच्यांना शिळं-नासकं जाऊ न्हाय म्हणून. मुकादमानं चाखलं की मग ठेवायचं. रीतच हाय ती." आणि पुढं येऊन त्यानं आपल्या मुरडीचे दोन तुकडे केले आणि एक माझ्या हातात दिला. "घ्या दादा. चाखून झालं, आता ठेवा."

बाईंना सुनेनं सांगितलं. बाईंनी टाळ्या वाजवल्या. सगळ्या मांडवानं वाजवल्या. गुरुजी खुर्चीवर बसून भराभरा वहीत लिहून घेत होते. ही रीत त्यांनीसुद्धा पहिल्यांदाच ऐकलेली.

आम्ही उतरलो. चुलतभावानं माझं कोपर धरलं होतं आणि मी सोडवून घेतलं नाही, कारण पायऱ्या शेवाळलेल्या होत्या. दुसरं काही कारण नाही. तळाशी गार होतं. आज्याच्या पहारीच्या खुणा खडकात अजून दिसत होत्या, भोकाचा अर्धा गोल, बोट फिरवलं तर गुळगुळीत. वरची माणसं कडेनं वाकून बघत होती, पण बोललेलं ऐकू जाणार नव्हतं.

"कशाला खोटं बोललास?" मी म्हणालो.

"मग काय सांगू, दादा? खाली उंदरं पाळलीत म्हणून?"

तेरचं त्याला आठवत होतं. त्यानं आपला तुकडा कपारीत सारला. मी पण सारला.

मग मी विचारलं, जन्मात पहिल्यांदा विचारलं, "खरं सांग. ते ठोकताना तू कवा ऐकलंस का?"

"न्हाय," तो म्हणाला. "एकदा बी न्हाय. म्या आपलं तुमचं मोजणं ऐकायचो. आडोशाला बसून. सहा म्हणालात की मग जिवात जीव यायचा."

मला हे इतकं गोड लागलं आणि त्याच क्षणी इतका राग आला की काय सांगू. "मग हे वर माईकवर का सांगितलं न्हाईस? इतक्या वर्सांत वहीत का लिहिलं न्हाईस?"

"मला कुणी इचारलं न्हाय. मुरडीचंच इचारायचे."

"तू होऊन सांगायचं!"

"तुम्ही सांगायचं की, दादा. तुम्ही सभेत बोलायला उभं राहिलात की निस्तं मला घालून-पाडून बोलता. मग गुरुजी तुमच्याकडं माईक देतच न्हाईत."

वर आलो. फोटो झाले. बाईंनी एका बाजूला मला आणि एका बाजूला त्याला उभं केलं. जाताना त्यांनी सुनेकडून सांगितलं की मुकादमानं आधी चाखायची रीत त्यांच्याकडं कुणालाच माहीत नव्हती, आता त्या परत गेल्या की आपल्या मंडळातही तशी सुरू करतील. म्हणजे माझी चूक आता समुद्र ओलांडून जाणार होती, आणि तिच्यावर रीत म्हणून छाप मारलेली होती माझ्या चुलतभावाची.

संध्याकाळपर्यंत चार जण घरी येऊन मला म्हणाले की व्वा मुकादम, काय थाटात चाखलीत. मी हूं म्हणत राहिलो. बायको अंगणात राहिलेले कानवले मोजून डब्यात भरत होती. ती म्हणाली, "वाचवलं की भाऊजींनी. एवढं तोंड पाडून का बसलाय?"

"त्यानं मला वाचवावं अशी माझी वेळ आली, म्हणून."

"मग तुम्ही बुडायचं होतं. कुणी धरलं होतं?"

खरं सांगतो, मला बुडालेलं परवडलं असतं. आधी त्याच्याकडं मुरडीचा मान होता. आता माझी अब्रूही त्याच्याकडं होती. मी मेल्यावर वहीत राहील की मुकादम चाखायचा, आणि ज्याला खरं ठाऊक आहे तो दरवेळी मान खाली घालून गप्प बसेल, आणि त्याचं ते गप्प बसणंही मोठेपणात जाईल. हे मला सहन होणार नव्हतं. तो लबाड असता तर सोपं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंघोळ करून, चहा न घेता, गुरुजींच्या घरी गेलो. ते दात घासत होते. म्हटलं, वही काढा. त्यांनी तोंड धुऊन वही काढली. कालचं पान उघडं केलं. माझं वाचन चौथीपर्यंतचं, पण अक्षर अक्षर लावून मी ती ओळ शोधली आणि तिच्यावर बोट ठेवलं.

"हे खोडा."

"का, मुकादम? एवढी सुंदर रीत हाय."

"रीत न्हाय ती. खोडा आणि मी सांगतो ते लिहा. मुकादम मुरड खायचा. पंचवीस वर्षांचा होता तवापासनं खायचा. टोळीची मुरड ठेवायचा तो त्याचा चुलतभाऊ."

गुरुजी चष्म्यावरून माझ्याकडं बघत राहिले. "पाहुणीला काय कळवू?"

"हेच कळवा. त्यांना म्हणावं, तिकडं चाखायला लागू नका."

त्यांनी ओळ खोडली. सरळ पट्टी लावून खोडली, शाळेतल्यासारखी. खाली मी सांगितलेलं लिहिलं. पेनाला टोपण लावायला लागले तेव्हा मी त्यांचा हात धरला.

"अजून संपलं न्हाय. पुढं लिहा. वाती मुकादम कापायचा. बार मुकादम मोजायचा. जेवढे लावले तेवढे वाजल्याबिगर त्यानं कुणाला खाली उतरू दिलं न्हाय. आणि हे मी म्हणतोय असं लिहू नका. हे आडोशाला बसून ऐकणाऱ्यानं सांगितलंय, असं लिहा. जाऊन इचारा त्याला."

"विचारतो," गुरुजी म्हणाले.

"आजच इचारा. त्याला कुणी न इचारता काही सांगायची सवय न्हाय."

मग मी पेन घेतलं आणि त्या पानाच्या खाली माझी सही केली. माझी सही हळू होते. एकेक अक्षर काढावं लागतं. गुरुजींची सून चहा घेऊन आली तरी माझं आडनाव अजून व्हायचं होतं.